राखून ठेवलेला शेवटचा भाग

चिरंजीव ठोंब्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. (जहाजावर तुला सगळे ‘साहेब’ म्हणतात, हे मागच्या पत्रात तू दोनदा लिहिलंस. वाचून बरं वाटलं. घरी तू ठोंब्याच.) आम्ही दोघी खुशाल आहोत. जिना चढताना आईचे गुडघे कुरकुरतात आणि उतरताना आई स्वतः कुरकुरते. दुकान बरं चाललंय. माणसं जाड होतात नाहीतर बारीक होतात, त्यामुळे कपडे उसवून सैल करायचा आणि टाके घालून आवळायचा आपला धंदा काही बसत नाही. तुझी तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतोस ना? बोट लागते का अजून? ‘बरी, हो, नाही’ एवढ्यावर भागवू नकोस, आईला तेवढं पुरत नाही.

परवा फोनवर, लाइन तुटायच्या आधी, तू म्हणालास की कंपनी अजून एक फेरी कर म्हणतेय आणि तू विचार करतोयस. त्याबद्दल मी एक अक्षरही लिहिणार नाही. एक फेरी तू आधीच वाढवलीस, तेव्हाही मी काही बोलले नव्हते. (रागाने आपटलेलं दार तुला फोनवर ऐकू आलं असेल, तर ते वाऱ्याने आपटलं.) तू आता मोठा झालास, तुझं तू बघ. मी आपली मालिकेबद्दल लिहिते.

शाळेच्या तळघरात, मोडक्या बाकांच्या ढिगाशेजारी गाणी बसवणाऱ्या त्या पोरांची मालिका आपण पहिल्या भागापासून एकाच कोचावर बसून पाहिली. मी डावीकडे, आई उजवीकडे आणि मध्ये तू, दोघींच्या वाटची जागा खाऊन. आई पहिल्या गाण्याला डोळे मिटायची, ती शेवटी नावांच्या पाट्या सरकायला लागल्या की जागी होऊन विचारायची, ‘संपलं का? काय झालं?’ मग आपण दोघं एकदमच सांगायला लागायचो आणि भांडायचो. एकट्याने भाग बघायचा नाही, हा आपला नियम. शेवटचा भाग आठवड्यावर आला आणि तुला जहाजावर बोलावणं आलं. दारातून तू मागे वळलास तेव्हा मला वाटलं, आता म्हणेल आईला सांभाळ. तू म्हणालास, ‘ताई, एकटी बघू नकोस हं.’ मी शब्द दिला. तो भाग लागून गेला, पुन्हा लागून गेला, सगळ्या गावाने पाहिला. मी नाही पाहिला.

आता तुला वाटेल, नाही बघायचं तर नाही बघायचं, त्यात काय एवढं? अरे, न बघणं सोपं आहे. न ऐकणं म्हणजे जिवावरचं काम आहे.

आपल्या चौकातली बँकवाली आठवते ना, जिच्या नाकावर माशी बसत नाही? ती कोटाच्या बाह्या आखूड करायला आली. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलेली, ओठांत टाचण्या धरलेल्या. बाई एकाएकी हळव्या झाल्या. म्हणाल्या, ‘काय गं तो शेवट! मी तर ढसाढसा रडले. म्हणजे बघ, शेवटी सगळे—’ आणि माझ्या तोंडात टाचण्या! ‘थांबा’ म्हणावं तर एखादी गिळली जाणार. मी एका हाताने तिचा कोट ओढून काढला, मशीनखाली घातला आणि मोटरचं पायडल पूर्ण दाबलं. घरघराटात ती काय बोलली ते देवाला ठाऊक. हातवारे मात्र बरेच केले. तिचे ओठ मिटेपर्यंत मी मशीन थांबवलं नाही. थांबवून बघते, तर एक बाही खिशावर शिवली गेलेली, आणि त्या दोन्हींना माझा एप्रन. कोट परत द्यायला उठले तर कोट माझ्याबरोबर उठला. बाई हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तो सगळा कोट उसवून पुन्हा शिवून दिला, पण ते ‘शेवटी सगळे’ काही माझ्या डोक्यातून उसवता येईना. शेवटी सगळे काय? पास होतात? घर सोडून जातात? मरतात? (मरणार नाहीत. त्यांचा गाण्याचा मास्तर त्यांना वर्ग बुडवू देत नाही.)

ही झाली आग, पुढचा फुफाटा ऐक. दाढ ठणकायला लागली म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेले. आ वासून पडलेय, गाल बधिर, आणि माझ्या डोक्यावर डॉक्टर आणि त्याची मदतनीस गप्पा मारतायत. मदतनीस म्हणाली, ‘काल पुन्हा पाहिला मी तो शेवटचा भाग.’ डॉक्टर म्हणाला, ‘ते तळघराचं कुलूप दाखवतात तेव्हा—’ मी त्याच्या बोटाला चावले. मुद्दाम नाही रे, ‘नको’ म्हणायला गेले आणि ‘न’ म्हणताना दात मिटले. तो ओरडला, मी ओरडले, बाहेर बसलेला एक पेशंट उठून निघून गेला. धड बोलता येईना म्हणून शेवटी कागदावर लिहून दिलं, ‘मी शेवट पाहिलेला नाही.’ त्यावर त्या भल्या माणसाने, बोट धरूनच, माझीच माफी मागितली. आता मी रस्त्यात दिसले की तोंडावर हात ठेवून पलीकडच्या फुटपाथवर जातो. लोक काय म्हणत असतील, तू विचारही करू नकोस.

हे सगळं मी का सोसते? तर ती पोरं मला आपली वाटतात म्हणून. दुकानात एकटी असले की मी आपल्या आवडीच्या गोष्टी पहिल्यापासून आठवत बसते. ती लाजाळू बघ. फक्त शाळेच्या बाथरूममध्ये गायची, माणसं दिसली की गळा बंद. तिला बाहेर काढायच्या ऐवजी सगळी पोरं बाहेरच्या व्हरांड्यात उभी राहिली आणि दाराआडून तिला साथ देऊ लागली. तिकडे मुख्याध्यापकांना घाईची लागलेली आणि त्यांना कोणी आत जाऊ देईना! मी या भागाला पहिला नंबर देते. तू म्हणशील नकटीचा आणि शिष्टोबाचा भाग वरचढ आहे. तीन वर्षं दोघं एकाच गाण्यासाठी एकमेकांचे गळे धरायचे. स्पर्धेच्या दिवशी शिष्टोबाचा आवाज बसला, तर नकटी त्याच्या उशाशी गरम पाणी घेऊन हजर. का, तर ‘हरवायला समोर कोणीतरी हवं ना!’ हा भाग चांगला आहे, मी नाही कुठे म्हणते? पण दुसरा नंबर.

आणि तुझा लाडका बेसूर. सुराचा त्याला वारा नाही, पण गाणाऱ्यांत बसायची हौस दांडगी. मास्तर म्हणाला, ‘राहा, पण नुसते ओठ हलव.’ बिचारा इमानाने ओठ हलवत राहिला. मग त्या मोठ्या कार्यक्रमात गाणं मध्येच थांबवायचं ठरलं, ते याला सांगायलाच विसरले. सगळे गप्प, आणि हा एकटा भरल्या सभागृहासमोर आवाजाशिवाय तोंड उघडतोय, मिटतोय. लोक हसले. हा तसाच खाली उतरला, चालत निघून गेला आणि पुन्हा तळघरात आलाच नाही. तेव्हा तू आईच्या शालीत नाक पुसलंस. (‘सर्दी झालीय’ म्हणे!) मला माहीत आहे तुला का लागलं ते. शाळेत बाईंनी तुलाही असंच नुसते ओठ हलवायला बसवलं होतं, आणि आई पहिल्या रांगेतून घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटली, ‘आमच्या बाळाचा आवाज सगळ्यांच्या वर होता.’ तिचा भ्रम मोडायला आपल्या दोघांचीही जीभ रेटली नाही.

तर प्रश्न असा राहिलाय की शाळेने तळघर बंद करायचं ठरवलंय, तर त्याला खरंच कुलूप लागतं का, आणि बेसूर परत येतो का. लोकांना उत्तर माहीत आहे. बँकवालीला माहीत आहे, डॉक्टरला माहीत आहे. मी रोज दुकान बंद करताना विचार करते की येतो. कधी वाटतं नाही येत, त्याला दुसरीकडे चांगलं काम मिळालं असेल, तिकडे सगळे त्याला साहेब म्हणत असतील. असो.

एक बरं आहे की आईकडून धोका नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे खरं, पण ती सगळी वर्षं झोपलेली, आणि रिमोटचं आवाजाचं बटण अजून मला विचारते. ती काय सांगणार?

बाकी सर्व क्षेम. थंडीत कानाला मफलर बांधत जा.

तुझी,
ताई

ता. क. – कोचाच्या मधल्या जागेतली स्प्रिंग वर आलीय. तुझ्या वजनाखाली ती गप्प बसायची. दुरुस्तीवाला म्हणाला, बदलून देतो. मी नको म्हटलं. आता मी एका टोकाला बसते आणि आई दुसऱ्या, मध्ये ती स्प्रिंग. फेरीबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं, पण लिहितेच. वाढवू नकोस. मला तुझी आठवण येते. झालं, लिहून टाकलं. आता हसत बस.

ता. क. दुसरा – जहाजावर कोणी तो भाग पाहिला असेल, तर त्याच्या शेजारी जेवायला बसू नकोस. आईला खाली दोन ओळी लिहायच्यात. म्हणते, ‘तू वाचायचं नाहीस, पाकीट मीच बंद करणार.’ गुडघ्यांच्या तक्रारी असतील. देते तिच्याकडे.

बाळा,

आईचे आशीर्वाद. गुडघे बरे आहेत. मी कधी झोपत नव्हते रे. डोळे मिटून ऐकायचे. गाणी काय डोळ्यांनी ऐकायची असतात? मी विचारलं की तुम्ही दोघं सांगताना भांडायचात, ते मला मालिकेहून आवडायचं.

शेवटचा भाग ही दुकानात गेल्यावर मी लावला. बटणं येतात मला. बेसूर परत येतो. कुलूप लागायच्या आदल्या दिवशी येतो, आणि शेवटचं गाणं तो एकटा म्हणतो, मोठ्याने. शेवटी सगळे त्याच्यामागे उभे राहून नुसते ओठ हलवतात. फार बेसूर गातो. मी फार रडले. ही घरी आली तेव्हा मी डोळे मिटून पडून होते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणते ना, इतके दिवस भिजवला. आता एकटीने ठेववत नाही, म्हणून तुला सांगितलं.

तुला फेरी वाढवायचीच असेल तर तसं कळव, म्हणजे मी तिला शेवट सांगून मोकळी करते. पोरीने किती दिवस लोकांना चावत फिरायचं? आणि येणार असशील तर तिच्या शेजारी बसून पहिल्यांदा बघतोयस असंच बघ. जमेल तुला. शाळेच्या त्या कार्यक्रमात तू नुसते ओठ हलवत होतास, ते मला पहिल्या रांगेतून दिसत होतं.

आई