दुखल्यावर काय म्हणायचं

बाबा, मी तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण इथे नेदरलँड्समध्ये, झूटरमेरच्या घरात पोटावरचे टाके सांभाळत बसले असताना तो असा उसळून आला की लिहिल्याशिवाय राहवेना. तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवायचात आणि घरातही तुमचा तास कधी संपला नाही. आनंद झाला की 'हुर्रे', नवल वाटलं की 'वॉव', दुखलं की 'आउच'. 'अय्या', 'अगंबाई', 'आई गं' हे सगळं गावंढळ. पाहुण्यांसमोर आम्हा बहिणींना चिमटा काढून तुम्ही कौतुकाने सांगायचात, पोरी दुखलं तरी इंग्रजीत ओरडतात. पाहुणे हसायचे, आणि आम्ही दंड चोळत उभ्या. एकदा कुकरची वाफ माझ्या मनगटावर आली आणि मी 'आई गं' म्हणून किंचाळले. आई परसात धुणं वाळत घालत होती, ती ओल्या हातांनी धावत आली, तर तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात हात आडवा धरलात. "आधी तिला नीट म्हणू दे." मी हुंदके देत 'आउच' म्हटलं, तेव्हा कुठे आईला आत सोडलंत. कातडी सोलून निघत होती हो माझी! कसला बाप असं करतो?

इथले डॉक्टर पॅरासिटामॉल घ्या म्हणून घरी पाठवतात, हे इथल्या आपल्या सगळ्या बायकांना पाठ आहे. खरंच दुखत असेल तर ओरडायचं, असं त्या नव्या आलेल्या मुलींना बजावतात. मीही बजावलंय. आणि मागच्या महिन्यात माझ्याच पोटात कळा आल्या. आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, पोट दाबलं तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली, पण तोंडातून निघालं ते ऑफिसच्या मीटिंगमध्ये शोभेल असं मापातलं 'आउच'. त्याने पॅरासिटामॉल सांगितली. मी त्याचे आभार मानून सायकलवरून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी नंतर विचारलं, इतकं दुखत होतं तर सांगितलं का नाहीत? सांगितलं होतं, मी म्हणाले. त्या डॉक्टरवर चिडून काय करू, त्याने जे ऐकलं त्यावर विश्वास ठेवला. मरता मरता वाचले मी, बाबा, तुमच्या त्या सभ्य ओरडण्यापायी. आईला तुम्ही दारात अडवलंत ते मी माफ करणार नाही.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, नवऱ्यालाही नाही. त्याने सांगितलं म्हणून कळलं, भूल उतरताना मी इतक्या मोठ्यांदा हाका मारत होते की नर्स धावत आली. मला वाटलं, आईला हाका मारत असेन. "नाही गं, सारखं बाबा, बाबा करत होतीस," तो म्हणाला. मी म्हटलं, भुलीचा परिणाम असेल. भुलीचा नव्हता तो, बाबा.