परांचीवरची नऊ अक्षरं

काका, आज तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाहीय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी सकाळपासून मी तुमच्याच दुकानात फिरतेय. भाईंदर पश्चिमेचं ते पाट्या रंगवायचं दुकान, टर्पेंटाइनचा वास, आणि शेजारीशेजारी दोन फळ्या, एक तुमच्या पुतण्याची, एक माझी.

आम्ही तेव्हा गिरगावातून नुकतेच इकडे आलो होतो. मी बारावीत नापास झाले म्हणून आईनं तुमच्याकडे शिकायला पाठवलं. नव्वदच्या आसपासचे दिवस, खाडीपर्यंत इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीला नाव हवं होतं, मराठीत, गुजरातीत, इंग्रजीत. पुतण्या एका दमात 'क' वळवायचा. माझा फुगायचा. मी त्याचा बघून काढायचे, रॉकेलच्या फडक्यानं पुसायचे, पुन्हा त्याचा बघायचे. एकदा मी म्हणाले, मला नाही जमणार, त्याच्या हातातच आहे ते. तुम्ही माझी फळी उजेडात धरलीत. "रेघ बघ गो बाय. जिथे जिथे मान वळवलीस, तिथे ती त्याच्या बाजूला गेलीय." मला भयंकर राग आला, कारण रेघ खरंच तिकडे झुकली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझं स्टूल भिंतीकडे फिरवलंत. आठवडाभर मी माझाच कालचा 'क' समोर ठेवून आजचा काढला. शनिवारी सोमवारचा 'क' पाहिला आणि हसूच आलं. तो किती वाईट होता!

मग ती मुर्धा गावाच्या रस्त्यावरची इमारत. संध्याकाळी पूजा, आणि सकाळी पुतण्या तापानं फणफणलेला. त्यानं आदल्या दिवशी खडूनं अक्षरं आखून ठेवली होती, मला फक्त रंग भरायचा होता. मी बांबूच्या परांचीवर चढतेय. खाली बिल्डरचा माणूस विचारतोय, लडकी करेगी? तुम्ही म्हणता, "वही करेगी." आणि मी ओलं फडकं घेऊन त्याची सगळी आखणी पुसून टाकते.

आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. त्याच्या अक्षरांत रंग भरला असता तर पाटी सुरेखच झाली असती, पण ती त्याची. तो माणूस ओरडायला लागला. तुम्ही वर बघितलंत, विडी पेटवलीत आणि एवढंच विचारलंत, "आखायची दोरी आहे ना वर?" होती. मी ती ताणली आणि दुपारभर माझी नऊ अक्षरं काढली. त्यातला 'क्ष' त्याच्याइतका डौलदार नव्हता. जाड होता, जरा बसका, पण रस्त्याच्या टोकावरून वाचता येत होता. पूजेला आलेल्या एका आजींनी चष्मा न लावता नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा मला परांचीवरूनच उडी मारावीशी वाटली. खाली उतरले तर तुम्ही म्हणालात, उद्यापासून गुजराती.

काका, आता मी इथेच मीरा रोडला अक्षरं शिकवते. आज माझ्या एका विद्यार्थिनीनं भिंतीवर पहिलं नाव रंगवलं. माझ्यापेक्षा सरस! रंगाचे हात तसेच घेऊन ती नाचत होती, म्हणून मी घरी येऊन हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, खणातच राहील. फक्त एक सांगून ठेवते. तिचं अक्षर बघून क्षणभर माझ्या पोटात दुखलं, या वयातही. मग मी तिला छान म्हटलं. म्हणायला जरा वेळ लागला.