जिन्यापाशी ठेवलेल्या सपाता

लाडक्या आईला झेनिताचा गोड पापा.

मी अगदी मजेत आहे. खोलीत शेगडी असते, वाटाणे आणि काळा पाव पोटभर मिळतो. तुझी कंबर कशी आहे? शेजारची बाइबा औषध वेळेवर देते ना, की नुसतीच बडबडते?

राजवाड्यातलं काम सोपं आहे. रिगाहून बस भरून पाहुणे येतात. लाकडी जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून त्यांना बुटांवर चढवायला लोकरीच्या सपाता द्यायच्या आणि संध्याकाळी गोळा करायच्या. सध्या पितरांचे दिवस ना, म्हणून माझ्याबरोबर कामाला असलेली वेल्तामावशी कुलूप लावताना एक नवा जोड जिन्यापाशी मुद्दाम ठेवते.

"त्यांनी काय अनवाणी फिरायचं? गारठतील बिचारे," म्हणते. मी हसले, तर म्हणाली, "हस, हस. तुझं कुणी आलं की कळेल."

काल आम्ही निघताना वरच्या नाचघरात सपाता घासत कुणीतरी चालत होतं. मावशीने नुसती मान डोलावली. मला भीती नाही वाटली, खरंच. पण चाल ओळखीची होती. उजवा पाय पुढे पडायचा, थांबायचा, मग डावा फरफटत मागून यायचा. पडल्यापासून तू चालतेस ना, तशी.

आज सकाळी त्या सपाता मीच उचलल्या. डावीचा तळ पार झिजलाय.

आई, लगेच उत्तर पाठव. बाइबाच्या हातचं नको. तुझ्या हातची एक ओळ पुरे.

टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी झेनिता