झाडीतला किडा, शेताकडचा किडा

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही असताना जे सांगायला हवं होतं, ते आज लिहायला बसले आहे. महाबळेश्वरच्या जंगलातले ते दोन शेणकिडे आठवतात? दोन्ही काळे, नखाएवढे. एकाच्या पाठीवरच्या रेघा खोल, दुसऱ्याच्या पुसट. खोल रेघांचा गर्द झाडी सोडत नाही, पुसट रेघांचा मात्र बाहेर स्ट्रॉबेरीच्या शेतांपर्यंत येतो, असं तुमचं म्हणणं. माणच्या उघड्या माळावर वाढलेल्या तुम्हाला झाडीचं भारी वेड. वाट दाखवणारे मामाही म्हणाले होते, "आवं बाई, ह्यो झाडीतलाच हाय. उन्हात न्हाई यायचा." दोन्हीकडे जमिनीत पेले पुरून त्यांत पडणारे किडे गोळा करायला तुम्ही मला पाठवलंत. "बाटल्यांत टाकायच्या चिठ्ठ्या पेन्सिलनंच लिही गं, शाई टिकत नाही," हेही बजावलंत. मी पेननं लिहिल्या. कॉलेजात येऊन पाहते तर बाटल्यांतल्या स्पिरिटमध्ये शाई विरघळलेली. कुठली बाटली झाडीतली, कुठली शेताकडची, काही कळेना. तुम्ही रागवाल म्हणून घाबरले, पुन्हा जायचा कंटाळाही केला, आणि अंदाजानं ठिकाणं भरून टाकली. तक्त्यात खोल रेघांचा किडा शेतातही निघाला होता. तुम्ही तो दोनदा वाचलात. "नक्की?" "नक्की, बाई." स्वतःची इतक्या वर्षांची खात्री बाजूला ठेवून तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

सांगलीच्या परिषदेत तुम्ही निबंध वाचता आहात, मी दुसऱ्या रांगेत. एक वयस्कर अभ्यासक उठतात. "खोल रेघांचा हा किडा मला उघड्या शेतात आयुष्यात कधी मिळाला नाही. चिठ्ठ्या तपासल्यात का?" मागं कुणीतरी हसतं. तुम्ही माझ्याकडे पाहता. मी वहीत पाहते. मग तुम्ही म्हणता, "तपासायला हव्या होत्या. चूक माझी." परतताना एसटीत तुम्ही एवढंच विचारलंत, "जेवलीस का गं?" त्यानंतर तुम्ही कुठल्याच परिषदेला गेला नाहीत.

नोकरी लागल्यावर मी एकटीच जाऊन त्याच जागी पुन्हा पेले पुरले. तुमचंच खरं होतं. तेही मी तुम्हाला कळवलं नाही. तुमची लेक साताऱ्यात राहते. हे पत्र तिला देता येईल. देणार नाही.

आता मीही शिकवते. ही गोष्ट दर वर्षी वर्गात सांगते, फक्त चूक करणारी 'माझी एक मैत्रीण' असते. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग तुमच्या मैत्रिणीनं बाईंना खरं सांगितलं का?"

मी म्हणाले, "हो. दुसऱ्याच दिवशी."