सहा खुर्च्यांचं घर

८ एप्रिल

नाचणगावची गृहभेट झाली. पुलगाव स्टेशनवरून ऑटो. सहा जण आधीच बसलेले, मी सातवी, तरी ऑटोवाला म्हणे, "अजून एक बसते." बसला. माझ्या अर्ध्या मांडीवर.

प्रकरण असं. काजल, वय अकरा. बाप कधीचाच निघून गेलेला, आई दोन वर्षांपूर्वी वारली. रोहण्याला आजीजवळ होती. ती आजी, सीताबाई, दिवाळीत वारली. तेव्हापासून मामाकडे. मामा प्रेमदास, गवंडीकाम करतो, चौतीस वर्षांचा, लग्न नाही. बालकल्याण समितीला ठरवायचं आहे — संगोपन योजनेची मदत सुरू करून मुलगी मामाकडे ठेवायची, की वर्ध्याच्या बालगृहात आणायची. आणि समिती ठरवणार माझ्या अहवालावरून. हे शेवटचं वाक्य आठवलं की मला अजूनही कसंतरीच होतं. सतरा वर्षं झाली नोकरीला.

अर्जात प्रेमदासने लिहिलंय, 'मदत न मिळाल्यास सांभाळणे जमणार नाही.' अर्ज लिहून देणारे सगळ्यांच्याच अर्जात हे वाक्य घालतात.

घर दीड खोलीचं, पण थाट बघा. सहा लाल खुर्च्या. खाली जाजम. कोपऱ्यात कूलर. बुद्धाच्या मूर्तीजवळ ताजं फूल, बाबासाहेबांच्या फोटोला हार. चहा कपबशीत, सोबत नानकटाई. मी खुर्चीवर, प्रेमदास उभा, काजल दारात. तिचे केस एका रबरात कसेबसे कोंबलेले.

"वेणी नाई जमत मले," प्रेमदास म्हणाला. मी विचारलंही नव्हतं.

काजलला विचारलं, इथे बरं वाटतं का. ती खुर्च्यांकडे बघून "हो" म्हणाली.

९ एप्रिल

अहवाल लिहून दिला. जे दिसलं तेच. खुर्च्या सहा, कूलर एक. पदरचं काही घातलं नाही. स्वतःबद्दल बरं वाटलं. तारीख नोंदवून ठेवते, असं फारदा होत नाही.

१७ एप्रिल

अहवाल परत. समितीच्या रूपराव सरांचा शेरा: 'सहा खुर्च्या व कूलर असलेल्या कुटुंबास मदतीची आवश्यकता दिसत नाही.' आणि मदतीशिवाय सांभाळता येणार नाही हे मामाने स्वतःच अर्जात लिहिलेलं. म्हणजे बालगृह. दोन ओळींत पोरगी वर्ध्याला. पुन्हा भेट द्यायची असेल तर मे संपायच्या आत द्या म्हणाले, हे उपकारच.

अर्जावर शेजाऱ्याचा नंबर होता. बंडूजी. त्यांना फोन लावला.

"खुर्च्या? त्या माह्या आहेत मॅडम. माह्यं मंडप डेकोरेशन आहे न. जाजमबी माह्यंच."

"आणि कूलर?"

"तो बाजूच्या काकूचा. बिघडेल आहे, पण दिसाले चांगला आहे."

"अहो, पण कशाला?"

"तुम्ही ऑफिसातून येऊन राह्यल्या, तुमाले का जमिनीवर बसवाचं?"

खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'बंडू मंडप, नाचणगाव' लिहिलंय म्हणे. सहाच्या सहा खुर्च्यांवर. मी त्यांतल्याच एकीवर अर्धा तास पाठ टेकून बसले. अहवालात रंगसुद्धा लिहिला — लाल.

मला कळायला नको होतं? माझ्या नवऱ्याचे, धनंजयचे, साहेब जेवायला आले तेव्हा मी खालच्या जोशीबाईंचा डिनर सेट उचलून आणलाच होता. आमच्या घरी त्या दिवशी कोणी गृहभेटीला आलं नाही, एवढाच फरक.

२२ एप्रिल

दुसरी भेट. आधी प्रेमदासला फोन करून बजावलं होतं — घर जसं आहे तसं ठेवा, कोणाचं काही आणू नका.

गेले तर घरात काहीच नाही. खुर्च्या नाहीत, ठीक. पण खाटही नाही. गॅस नाही, तीन विटांची चूल. काजलचं दप्तर नाही, कपड्यांची पेटी नाही. एक सतरंजी आणि एक बादली. भिंतीवरचे फोटो तेवढे जागेवर. काजल शाळेत गेलेली.

"एवढ्यात राहता तुम्ही?"

"हो."

"मुलगी अभ्यास कुठे करते?"

"करत नाई." मान खाली.

चहासुद्धा विचारला नाही. पत्ती संपली म्हणाला.

बाहेर आले तर बंडूजी समोरच खुर्च्यांची चळत लावत होते. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुम्हीच शिकवलं असेल सगळं लपवायला. आधी दुकान मांडलं, आता गुंडाळलं. पोरीचं आयुष्य म्हणजे मंडप आहे का? बंडूजींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे दारात उभ्या प्रेमदासकडे. म्हणाले, "हो मॅडम. चुकलं माह्यं."

म्हातारा माणूस. दोन गिऱ्हाइकं ऐकत उभी होती. जरा जास्तच बोलले मी.

२३ एप्रिल

पाहिलं ते लिहिलं तर 'घर बालकास अयोग्य'. पुन्हा बालगृहच. एकच घर, आणि पंधरा दिवसांत मदत नको इतकं सुखवस्तू आणि मूल ठेवू नये इतकं भिकार! फॉर्मला हवं असतं ते घर मदत लागेल इतकं वाईट आणि मूल राहील इतकं चांगलं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत असं घर आम्हाला कोणी दाखवलं नाही.

अहवाल लिहिला नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. तासाभरात खरंच दुखायला लागलं. धड खोटंही बोलता येत नाही मला.

२७ एप्रिल

रविवार. आमच्या वेदश्रीने माझ्या पिशवीतला कोरा फॉर्म काढून आमच्याच घराचा भरला. पंधरा वर्षांची, पण भाषा अगदी सरकारी. 'खुर्च्या: सहा, पैकी एक मोडकी. वडील: पेपरामागे. आईची उपस्थिती: अनियमित. आई घरी असताना इतरांच्या घरांबद्दल बोलते. शिफारस: कुटुंबास मदतीची आवश्यकता.'

खूप हसले. धनंजय पेपरामागून हसला.

"माझी वेणी तू शेवटची कधी घातली, आठवते का?" तिने सहज विचारलं.

आठवेना. तिने केस कापून चार वर्षं झाली.

२ मे

आज न सांगता गेले. सकाळी सात वाजता. लोकांच्या घरी असं चोरासारखं जाणं मला पटत नाही. गेले.

दार उघडं होतं. काजल उलट्या घमेल्यावर बसलेली, मागे खाटेवर प्रेमदास, दातांत कंगवा. भिंतीला टेकवून मोबाइल ठेवलेला, त्यात कोणी बाई सावकाश वेणी घालून दाखवत होती. सिमेंटने फाटलेली बोटं त्याची, केस त्यात अडकत होते.

"हालू नको न. पेड सुटून राह्यला."

"मामा, त्या बाईनं तीन पेड घेतले. तू चार घेतले."

"मंग? मजबूत होईन."

त्याने मोबाइलवरचा व्हिडिओ मागे नेला. वेणी सोडली, पुन्हा घातली. पुन्हा सोडली. मी खोकायला हवं होतं. तिसरी वेणी पूर्ण होईपर्यंत खोकले नाही.

घरात खाट, गॅस, पेटी, दप्तर, सगळं आपापल्या जागी. चहा स्टीलच्या पेल्यात मिळाला. मी खाटेवर बसले. प्रेमदास मला बघून दचकला होता.

काजल रस्त्यापर्यंत सोडायला आली. अर्ध्या वाटेत म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी खुर्च्या मीच आनल्या होत्या. दोन-दोन करून. मामा कामावर गेलता."

"काऊन आणल्या?" माझ्याही तोंडून 'का'चं 'काऊन' झालं.

"घर चांगलं दिसलं त तुम्ही मले नेनार नाई, असं वाटलं."

५ मे

अहवाल दिला. तिन्ही भेटी लिहिल्या, माझी चूकही लिहिली — 'खुर्च्यांची मालकी तपासली नाही.' दुसऱ्या भेटीतल्या रिकाम्या घराबद्दल 'शेजाऱ्याच्या सल्ल्याने' असं घातलं. बंडूजींनी कबूल केलंच होतं. वेणी कोणत्या रकान्यात लिहायची कळेना. 'इतर'मध्ये लिहिली, खोडली, परत लिहिली. मी भावनेत वाहत चाललेय का? असेनही. पण पाहिलं ते लिहायचं तर हेही पाहिलं.

२० मे

समितीपुढे उभी राहिले. सगळ्यांच्या पुढ्यात समोसे.

"मॅडम, हे वेणीचं काय लिहून आणलं?" रूपराव सर म्हणाले. "घट्ट होती का सैल?"

सगळे हसले.

"सैल होती सर. पण तिसऱ्यांदा घातलेली."

रूपराव सरांनी समोसा खाली ठेवला, हात पुसले, सही केली. मंजूर. काजल मामाकडेच राहणार.

मलाही एक समोसा मिळाला. थंड होता. पूर्ण खाल्ला.

२३ जून

शाळा सुरू झाल्या. प्रेमदास हमीपत्रावर सही करायला ऑफिसात आला. सही झाली तरी जाईना. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "बंडूजीचा दोष नोता, मॅडम. त्यानं माह्यासाठी आयकून घेतलं. तवा घर मीच खाली केलतं, ती शाळेत गेल्यावर. वाटलं, असं घर पाहून घेऊन जासान तिले. माह्याजवळ काय होईन पोरीचं? मले त वेणीबी येत नोती."

"आणि आता?"

त्याने मान वर केली.

"आता दोन घालतो. रिबिनीसकट."