करामातली कॅसेट

सर, तुम्ही गेल्यानंतर मी पोर्तुगीज बोलणं सोडून दिलं. ऑफिसात कारण काय दिलं ते आता आठवतही नाही. मोझांबिकमधल्या मापुतोहून येणाऱ्या पोर्तुगीज फॅक्सना उत्तरं द्यायला त्यांनी दुसरा माणूस ठेवला आणि मी हिशोबाच्या टेबलावर जाऊन बसले.

मला तुमच्याकडे धाडलं ते आमच्या लेबनीज मॅनेजरने. "तुम इंडियन लोग लँग्वेज जल्दी सीखते हो, यल्ला, स्टार्ट करो," एवढंच म्हणाला. तुम्ही गोव्यात लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेले, दुबईत जहाजाच्या कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेले, तिथल्याच करामा वस्तीत मुलगा-सुनेबरोबर राहणारे. दर शुक्रवारी चार वाजता मी येते आणि तुम्ही आधी चहा करायला लावता, कारण सूनबाईंचा चहा तुम्हाला पांचट वाटतो. मग स्वयंपाकघरातल्या त्या लहान टेबलाशी धडा. क्रियापद तुम्ही द्यायचं, कर्म जोडून वाक्य मी करायचं. काही क्रियापदं आपल्या कर्माशी थेट बोलतात, तुम्ही सांगायचात, आणि काहींना मध्ये एक बारीकसा शब्द लागतो, सासऱ्याशी बोलताना जुन्या सुनांना मध्ये मूल लागायचं तसा. 'मला चहा आवडतो' म्हणताना तो मधला 'द' मी हमखास गाळायची. आणि जिथे काही नको तिथे घालायची. आपण घर पाहतो पण मुलाला पाहतो, जिवंत माणूस आला की आपली जीभ 'ला' लावल्याशिवाय राहत नाही. म्हणून 'वेजु ऊ मिनीनु', मी मुलाला पाहते, म्हणायचं तिथे माझ्या तोंडून दर वेळी 'ला'चा 'आउ' लावून 'वेजु आउ मिनीनु' जायचं.

"परत 'ला' लावलास गो, बाय," तुम्ही म्हणायचात. "त्या मुलाला तू नुसता बघ की. त्याला काही द्यायला कशाला जातेस?"

घरी सरावासाठी तुम्ही कॅसेट भरून द्यायचात. त्यात तुमचं एक क्रियापद, मग मी उत्तर द्यावं म्हणून सोडलेली रिकामी जागा, मग पुढचं क्रियापद. मराठीचा एक शब्द नाही. शारजाच्या खोलीत कणीक मळताना मी त्या रिकाम्या जागांत बोलत राहायची.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे तुम्ही पहिल्या महिन्यातच ओळखलंत. एकदा तुमच्या हातून दुसऱ्या कुणाची तरी वही माझ्यासमोर उघडली गेली तर मी दोन शुक्रवार आले नाही. तिसऱ्या शुक्रवारी तुम्ही रागावलात, तेही किती हळू. "शिकायला येतेस की मालकी सांगायला?" मी तुमची एकटीच विद्यार्थिनी असावं असं मला फार वाटायचं, सर. ते मी तेव्हा कबूल केलं नाही.

ऑगस्टातल्या त्या गुरुवारी तुम्ही ऑफिसात फोन केलात. मुलगा-सून गोव्याला गेली होती. "उद्या नक्की ये गो. छातीत जरा जड वाटतं. तू आलीस की बरं वाटेल." मी हो म्हटलं. शनिवारी सकाळी वॉचमनला तुम्ही सापडलात, टेबलाशी खुर्चीत बसलेले. दहाव्यानंतर तुमच्या मुलाने मला एक कॅसेट दिली, तुमच्या मशीनमध्येच होती ती. "कुणी नुसती बेल जरी मारली असती ना," तो म्हणाला. मी म्हटलं, मला त्या दिवशी येताच आलं नाही, ऑफिसचं काम निघालं.

ती कॅसेट मी इतकी वर्षं वाजवली नाही. आता आम्ही दुबई मरीनात नव्या टॉवरमध्ये आलो, सामान लावताना मुलीला जुना टेपरेकॉर्डर सापडला आणि तिने ती लावली. तुमचा आवाज आला. 'वेर', पाहणे. मी भांडी पुसत होते, तोंडातून आपसूक वाक्य गेलं. आणि तुम्ही म्हणालात, "परत 'ला' लावलास गो, बाय." मग हसलात. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"मम्मा, हाउ डिड ही नो?" मुलीने विचारलं.

मी कॅसेट मागे घेतली. त्या रिकाम्या जागेत कुणाचाही आवाज नाही. तुम्ही क्रियापद देता, थांबता, समोर बसून कुणीतरी चुकल्यासारखं हसता, समजावता, शाबासकी देता. कधी बरोबर उत्तर यावं आणि कधी चूक, तेही तुम्हीच ठरवलेलं. पुढची तीन उत्तरं मी मुद्दाम वेगळी द्यायची ठरवली. तरी तिन्ही वेळा जीभ जुन्याच ठिकाणी चुकली आणि तिथेच तुम्ही मला अडवलंत.

कॅसेटच्या मध्यावर लिफ्टचं दार आपटतं. मग चपलांचा आवाज, तुमच्या दारापर्यंत येऊन थांबलेला. ती पावलं माझी आहेत, सर. मी आले होते, अर्धा तास उशिरा. बाहेरून तुमचं हसणं ऐकलं, 'बाय' ऐकलं, आणि माझ्या खुर्चीत दुसरी कुणी बसली आहे असं धरून मी बेलकडे नेलेला हात खाली घेतला. टेपवर तुम्ही बोलायचे थांबता. खुर्ची करकरते. "बाय?" असं हळूच विचारता. तोवर मी वळले असेन, कारण ते मी ऐकलं नव्हतं. लिफ्टचं दार पुन्हा आपटतं.

त्यानंतर तुम्ही एकच क्रियापद देता, 'अब्रीर', उघडणे, आणि नेहमीसारखी जागा सोडता. ती जागा कॅसेट संपेपर्यंत चालते. एसीची घरघर तेवढी ऐकू येते. मुलगी उत्तर दे म्हणून माझ्या मागे लागली होती, मी बटण दाबून मशीन बंद केलं.

हे सगळं तुमच्या मुलाला लिहावं म्हणून मी बसले आणि तुम्हालाच लिहीत गेले. परवा तो करामात भेटला होता. केस पिकलेत. "बाबा एकटेच होते त्या दिवशी, तेवढंच मनाला लागतं," म्हणाला. "तू तरी काय करणार, तुला ऑफिस होतं." मी मान हलवली. पुन्हा भेटला तरी मी मानच हलवीन.