थापटणारीचं नाव

वटार,
१० डिसेंबर २०२५

ती. अप्पांना,

पाया पडते. इथे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालंय, थेंब मी वेळेवर घालते. तुमचा खोकला कसा आहे? चंदनसारला बांधकामांची धूळ फार, सुंठ-गूळ घेत जा.

तुमचा निरोप कौस्तुभदादाने फोनवर सांगितला. माझ्या मडक्यांच्या प्रदर्शनाच्या कार्डावर माझ्याऐवजी त्याचं नाव घालायचं, कारण आपल्या कुंभारांत बाई चाकावर बसत नाही. नाहीतर मोठा रांजण तुमच्या भट्टीत भाजायचा नाही. असंच ना? सांगताना दादाच ओशाळला होता. तो बँकेत नोकरी करतो, अप्पा. चाकाला त्याचा हात शेवटचा लागला तो शाळेत असताना.

त्याचं नाव घालणार नाही.

आता रांजणाचं. सुकायला ठेवला होता तेव्हाचा मी पाठवलेला फोटो तुम्ही समाजाच्या ग्रुपवर टाकलात आणि खाली लिहिलंत, "आमच्या चाकाची सफाई बघा." मी वाचलं आणि पोट धरून हसले. त्या रांजणाला चाक लागलेलंच नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचल्या, आतून दगड धरला आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत भिंत वर नेली. हे मी कोरियात शिकले. लोणची मुरवायचे कमरेएवढे रांजण तिथे असेच थापटून वाढवतात. तिथल्या बाईंनी पहिल्यांदा थापटणं चालवलं आणि मला रडूच फुटलं. तो आवाज मी जन्मापासून ऐकत आलेय, आपल्या अंगणात, आईच्या हातचा.

तुम्ही चाकावरून उतरवायचात ते जाड, तळ नसलेलं मडकं. तळ ती मिटवायची, पोट ती फुगवायची, पाणी गार राहील इतकं पातळ तीच करायची. बाजारात मात्र नाव तुमचं, जयवंत कुंभाराचं मडकं. मला याचा राग येतो. लहानपणापासून येतो, फक्त तुमच्यासमोर बोलायची छाती नव्हती.

तेव्हा सरळच सांगते. आईचा डोळा दिवाळीतच बरा झाला. ती इथे थेंबांसाठी राहिलेली नाही. ज्याची सफाई तुम्ही सगळ्यांना दाखवलीत तो रांजण तिने थापटलाय. वळ्या माझ्या, हात तिचा. कार्डं छापून आलीत, त्यांवर दोन नावं आहेत, लतिका आणि हेमांगी. तिचं आधी. भट्टीचं म्हणाल तर इथल्या शेजारच्या फेबियनने त्याच्या केळीच्या वाडीत जागा दिली, वर भाजायला पेंढाही दिला. काल रांजण निघाला. खणखणीत वाजतोय.

रविवारी प्रदर्शनाला या. ग्रुपवरच्या सगळ्यांना घेऊन या. रांजणाला चाक कुठे लागलंय ते बोट ठेवून दाखवा. सापडलं तर कार्डं मी स्वतः फाडते.

आई शेजारीच बसलीय. तुमच्यासाठी काय लिहू विचारलं, तर म्हणाली, "त्यांना म्हनावं, तब्येत सांभाळा. मी रविवारी तिथंच भेटेन. तवर पानी आपलं आपन भरा. आनि माठ जपून उचला, मी थापटलेला हाय."

तुमचीच, पण आधी थापटणारीची,
हेमांगी